दोन माणसांच्या वजनाचे इंजिन

इंजिन येऊन बोटी दुरुस्त करणाऱ्या क्लॅरी पायबसच्या शेडमध्ये पडले त्याला अकरा दिवस झाले, तरी ते बोटीत कुठे बसवायचे हे रोवेनाचे ठरत नव्हते. दोन सिलिंडरचे, हिरव्या रंगाचे, गिअरबॉक्ससकट एकशे पंचवीस किलोचे ते डिझेल इंजिन लाकडाच्या भुशात बसून होते. क्लॅरी जाता-येता त्याच्या डोक्यावर थोपटी आणि म्हणे, "थांब बाबा, बाईसाहेबांचं अजून वाचन चाललंय."

वाचन चाललेच होते. होबार्टच्या ग्रंथालयात वीस वर्षे काढलेली बाई दुसरे काय करणार? वडील गेल्यावर तिने रजा वाढवली, शिडाच्या बोटींतल्या इंजिनांवरची पाच पुस्तके आणली आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसली. आकृत्या काढल्या. फायदे-तोटे लिहिले. खोडले. पुन्हा लिहिले.

जागा खरे तर दोनच होत्या. एक बोटीच्या बरोबर मध्यावर, आत उतरायच्या पायऱ्यांखाली. तिथून पाण्यातल्या पंख्याचा दांडा सरळ मागे जातो, पंखा सुकाणूच्या पुढ्यात फिरतो आणि बोट दोन्हीकडे सारखी वळते. पुस्तके एकमुखाने हीच जागा सांगत होती. पण त्यासाठी पिछाडीचा उभा खांब, ज्याला सुकाणू अडकवलेले असते, तो आरपार भोसकावा लागतो. त्यात पंख्यापुरती खिडकी कापावी लागते आणि सुकाणूचाही एक लचका तोडावा लागतो. दुसरी जागा डाव्या अंगाला. तिथे बाजूच्या फळीतून दांडा बाहेर काढला की भागते, खांबाला धक्का लागत नाही. मात्र डावीकडचा बिछाना उखडावा लागतो.

वहीत रोवेनाने खांबाच्या बाजूने एक पान लिहिले होते. बिछान्यासमोर नुसते 'नको' लिहून ठेवले होते. कारण लिहिले नव्हते.

करावाँग ही बोट तिच्या वडिलांनी आपल्या हातांनी बांधली होती. घरामागे सफरचंदे भरायची जुनी शेड होती, तिथे सात वर्षे ते खपत होते. फळ्या ह्यूऑन पाइनच्या, मधासारख्या पिवळ्या. आजही आत उतरायचे झाकण उघडले की आतून त्या लाकडाचा तेलकट गोड वास येई. पिछाडीचा खांब ब्लू गमच्या एका अखंड ओंडक्यातून काढलेला. बोट पाण्यात उतरायच्या आदल्या वर्षी, आईच्या आग्रहाखातर, वडिलांनी त्या खांबावर इंजिनासाठी मापे आखायला घेतली होती. रोवेना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सुट्टीत घरी आली होती. वाऱ्यावर जगणाऱ्या माणसांची पुस्तके वाचून तिचे डोके भरले होते. ती शेडच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "यात इंजिन घातलंस ना डॅड, तर मी हिच्यावर कधी चढणार नाही. मग ती बोट कसली? पाण्यावरची व्हॅन." वडील हसले होते. दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन गेली तर ते आखणी रंध्याने घालवत होते. बावीस वर्षे करावाँग इंजिनावाचून फिरली आणि चॅनलकाठची, गावासमोरच्या त्या सामुद्रधुनीकाठची, सगळी माणसे त्याबद्दल वडिलांना मान देत.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी, चॅनलच्या पलीकडच्या अंगाला, ब्रूनी बेटाजवळ, वडील सुकाणूवर बसल्याबसल्या एका बाजूला कलंडले. बरोबर फक्त आई होती. अर्ध्या तासात वारा पडला. रेडिओची बॅटरी नेहमीप्रमाणे उतरलेली होती. ती भरायला बोटीवर इंजिनच नव्हते. संध्याकाळी एका मच्छीमाराला करावाँग दिसली तेव्हा वडील डावीकडच्या बिछान्यावर होते आणि गेलेले होते. रोवेनाला एवढेच ठाऊक होते. आईला पोलिसाने विचारले, डॉक्टरने विचारले, शेजारणींनी विचारले. आईचे उत्तर दोन शब्दांचे: "वारा पडला."

अंत्यविधीनंतर नवव्या दिवशी आईने, बेरिलने, कुणाला न विचारता होबार्टला फोन करून इंजिन मागवले. मृत्युपत्रात बोट मुलीच्या नावावर होती. "बोट तुझी आहे," बेरिल म्हणाली, "इंजिन कुठं बसवायचं ते तू ठरव. पण इंजिनाशिवाय मी तिच्यावर पाय ठेवणार नाही, आणि तुलाही ठेवू देणार नाही."

क्लॅरीला घाई होती. मे लागला की मच्छीमारांच्या बोटी डागडुजीला रांग लावत. त्याआधी करावाँगचे काम उरकायला हवे होते.

"सोमवारी तिला पाण्याबाहेर ओढतोय," गुरुवारी तो म्हणाला. "सोमवारी मला खडूची रेघ पाहिजे. कुठं कापायचं ते."

"बाहेरून लावायचं छोटं आउटबोर्ड इंजिन टांगलं तर मागं?" रोवेना म्हणाली. "हे परत पाठवू."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या क्लॅरीने रंधा खाली ठेवला. वडिलांचा तो पन्नास वर्षांचा मित्र. रोवेना त्याला लहानपणापासून नावानेच हाक मारी.

"टांग की. लाट आली की पंखा हवेत गरगरेल, आणि तुझी अडुसष्ट वर्षांची आई पिछाडीवर ओणवी होऊन दोरी ओढत बसेल. मी धक्क्यावरून टाळ्या वाजवीन."

"मग मध्यात."

"मध्यात तर मध्यात. करवत काढू?"

तिने पटकन मान वर केली.

"बघ, तोंड बघ कसं झालं. खांबाला हात लावू देत नाहीस आणि बिछान्यालाही नाही. मग काय डोलकाठीवर बांधू इंजिन?"

"उजवीकडे? उजव्या बिछान्याच्या जागी?"

"अगं, पुस्तकं वाचतेस की चाळतेस? हा पंखा उजवीकडं फिरणारा. तो पिछाडीला उजवीकडं ढकलतो. इंजिन डावीकडं बसवलं तर दोघांची ओढाताण बरोबरीत सुटते. उजवीकडं बसवलंस तर बोट जन्मभर डावीकडंच वळेल, कुत्रं शेपटीमागं फिरतं तशी." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. पण ते यंत्राला कसं कळणार, पोरी?"

तिने इंजिनाकडे पाहिले. कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला होता. कपाचा गोल डाग हिरव्या रंगावर उमटला होता.

"शनिवारी सकाळी ये," क्लॅरी म्हणाला. "वारा सुटायच्या आधी. बेरिललाही आण. बोटीलाच विचारू."

बोटीला विचारायची क्लॅरीची एक रीत होती. त्याच्या बापाचीही तीच. इंजिन घालण्याआधी तेवढ्या वजनाची माणसे त्या जागी बसवायची आणि आपण छोट्या होडीतून बोटीभोवती फिरून पाणरेषा बघायची. वाळूची पोती चालत नसत. पोत्याला 'जरा मागे सरक' म्हणून सांगता येत नाही.

"वजन किती तुझं?"

"हे विचारतोस तू मला?"

"वय विचारलं नाही मी."

"सदुसष्ट."

"आणि बेरिलचं?"

"पन्नास असेल. आता कमीही झालं असेल."

"वरचे आठ किलो हत्यारांच्या पेटीत भरतो," क्लॅरी म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर बेरीज मांडू लागला.

शनिवारी चॅनलवर धुके होते. पाणी तेलासारखे पडून होते. बेरिलने न्याहारीला टोस्ट केला, स्वतः अर्धा खाल्ला, अर्धा सिंकमध्ये टाकला, वडिलांचा लोकरी कोट घातला आणि मुलीच्या मागून धक्क्यावर आली. पायऱ्यांच्या टोकाशी ती थांबली. करावाँग तीस वावांवर आपल्या तरंगत्या बोयाला बांधलेली होती, बाहेरून काळ्या रंगाची, नाजूक, नाळ म्हणजे पुढचे टोक दक्षिणेला करून.

"मी म्हटलं होतं," बेरिल म्हणाली, "इंजिनाशिवाय पाय ठेवणार नाही."

छोट्या होडीत वल्ही धरून बसलेल्या क्लॅरीने टोपी मागे सारली.

"आज तूच इंजिन आहेस, बेरिल. चल."

तिला हसू आले नाही, पण ती उतरली. होडीत बसताना तिने वल्ह्यांकडे पाठ केली.

करावाँगवर चढून रोवेनाने झाकण सरकवले. आतून ह्यूऑन पाइनचा वास आला, आणि त्यात मिसळलेला ओल्या लोकरीचा, रॉकेलचा. पाच आठवडे कुणी आत आले नव्हते. डाव्या बिछान्यावर राखाडी ब्लँकेट अर्धे घडी होऊन पडले होते. उशीवर खळगा होता. भिंतीतल्या कप्प्यात भरती-ओहोटीचे वेळापत्रक मार्चच्या पानावर उघडे होते. रोवेनाने मनाशी ठरवले होते की हे असेच राहील, निदान एक वर्ष. वहीतल्या त्या 'नको'चे कारण हे होते. आणि आता त्याच ब्लँकेटवर तिला बसायचे होते.

"आत सरका," बाहेरून क्लॅरीचा आवाज आला. "एकदम मागं. ढुंगणं फळीला लावा दोघींनी. इंजिन लाजत नसतं."

बिछान्याचा मागचा भाग सुकाणूच्या बैठकीखाली बोगद्यासारखा गेलेला होता. त्याच्या तोंडाशी दोघी दाटीवाटीने बसल्या, गुडघे हनुवटीला. आईच्या मांडीवर हत्यारांची पेटी. आईच्या खांद्याचे हाड रोवेनाच्या दंडात रुतले. आई इतकी हलकी झाली आहे हे तिला आत्ता कळले.

"बसलात?"

"बसलो," रोवेना ओरडली.

"मग गप्प. इंजिनं बोलत नाहीत."

वल्ह्यांचा पाण्यातला आवाज हळूहळू बोटीला वळसा घालू लागला. फळीच्या पलीकडे, अगदी कानाशी, पाणी लपलपत होते.  मग रोवेनाला वाटले, आता नाही तर कधीच नाही. इथे आईला उठून चहा करायला जाता येणार नाही.

"मम, एक सांगायचं होतं."

"हं."

"इंजिन डॅड घालणार होता. बोट बांधत होता तेव्हाच. मी अडवलं. मी त्याला म्हटलं होतं—"

"माहीत आहे. पाण्यावरची व्हॅन."

रोवेनाने मान वळवली, पण एवढ्या जवळून आईचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पांढरा कान दिसत होता.

"त्यानं सांगितलं तुला?"

"त्याच रात्री. किती कौतुकानं सांगितलं! 'माझी पोर काय बोलली बघ.' मी म्हटलं, पोरीला नाही कळत, तुला तर कळतं? तर म्हणाला, तिचं खरं आहे." बेरिलने पेटी सावरली. "वर्षभर मागं लागून त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं मी. तू चार शब्दांत काम केलंस."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? एकोणीस वर्षांची होतीस. त्या वयात माणूस बोलतंच काहीतरी. ऐकणारा पन्नाशीला आलेला होता."

बाहेरून आवाज आला, "डावीकडून दोन बोटं खाली आहे. जरा पुढं या. एक वीत."

दोघी एक वीत पुढे सरकल्या. ब्लँकेट त्यांच्याखाली चुरगळले.

"तू रागावली होतीस माझ्यावर?"

"तेव्हा? थोडी." बेरिल थांबली. "त्या दुपारी फार. त्या दुपारी मी तुला काय काय शिव्या दिल्या ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही. मोठ्यानं दिल्या. ऐकायला कोण होतं?"

"डॅड होता."

"तो आत होता. मी बाहेर."

रोवेनाला कळले नाही. "बाहेर म्हणजे?"

 बेरिल किराणा सामानाची यादी वाचावी तशा आवाजात बोलली.

"त्याला मी धरून धरून खाली आणला, इथं झोपवला. उजवा हात गेला होता, बोलणं गेलं होतं. डोळे माझ्याकडं. मग वारा पडला. ओहोटी लागली होती, ती आम्हाला दक्षिणेला न्यायला लागली, मोकळ्या समुद्राकडं. मी किती वेळ थांबायचं? मी छोटी होडी पाण्यात टाकली, दोर बांधला आणि करावाँग ओढायला लागले."

"वल्हवत?"

"नाही तर काय शिट्टी वाजवून?"

रोवेनाला अंत्यविधीच्या दिवशीचे आईचे हात आठवले. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. आई म्हणाली होती, दोरानं सोललं. तिने पुढे विचारले नव्हते. पुस्तकांत दोराने हात सोलल्याचे इतक्यांदा वाचले होते की तिला ते पटले होते.

"वल्हवताना तोंड मागं असतं," बेरिल म्हणाली. "म्हणजे सगळा वेळ बोट समोर. नाळ दिसायची, डोलकाठी दिसायची. आतलं काही दिसत नव्हतं. मी हाक मारायची, 'अ‍ॅथल!' की तो डाव्या हातानं फळीवर ठोकायचा. पाणी असं शांत, सगळं ऐकू यायचं. दोनदा ठोकायचा. मी पन्नास वेळा वल्ही मारायची आणि हाक मारायची. पन्नास आणि हाक."

बाहेर क्लॅरीची वल्ही थांबली होती.

"मग एकदा एकच ठोका आला. त्याच्या पुढच्या वेळी आलाच नाही. मला वाटलं झोपला. वाटलं म्हणजे, मी तसं ठरवलं. परत जायचं तर दोर आवरायचा, होडी फिरवायची, वर चढायचं. तेवढ्यात ओहोटीनं सगळं कमावलेलं नेलं असतं. किनारा असा समोर होता. मला वाटलं, एवढं टोक ओलांडते आणि जाते. मग त्याच्या पुढचं टोक. मी ओढत राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. तो मच्छीमार आला आणि त्यानं माझ्या हातातली वल्ही सोडवली, तोपर्यंत."

रोवेना 'मम' म्हणत आईकडे वळली. 

"कोण हलतंय आत?" क्लॅरी ओरडला. "रेषा नाचतेय. मला काही दिसत नाही!"

"शू," बेरिल म्हणाली आणि मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी चर्चमध्ये ठेवी तसा, गप्प बसवायला. "हलू नको. तो पुन्हा मोजायला लावील."

रोवेना हलली नाही. श्वास रोखून बसली. पाण्याचा आवाज हळूहळू निवला.

"अजून आहे राग?" तिने विचारले.

"आहे." बेरिलने थोडा विचार केला. "जाईल. नाही गेला तरी तुला जेवायला वाढीनच. मला माझ्यावरही आहे, तुझा वेगळा काढून ठेवायला जागा नाही."

"डावीकडचं झालं," क्लॅरीने जाहीर केले. "पिछाडी दीड बोट खाली, डावीकडं बोटभर कलते. तोलासाठी आत ठेवलेल्या शिशाच्या चार लाद्या उजवीकडं पुढं सरकवल्या की भागेल. आता मध्यात बसा. पायऱ्यांशी."

त्या उठल्या. पाय बधिर झाले होते. पायऱ्यांच्या तळाशी, पाठीला पाठ लावून, दोघी तळाच्या फळ्यांवर बसल्या. क्लॅरीने एक फेरी मारली, मग दुसरी, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तो लपवायचे त्याला सुचले नाही.

"काय बसलीय! बघा तरी! रेषा आरशात पाडल्यासारखी. एक लादी हलवायला नको. रोवेना, पुस्तकं खरं बोलतात गं कधी कधी. इथंच."

रोवेनाने डोळे मिटले. बोटीने उत्तर दिले होते. खांब कापायचा, बिछाना राहील, उशीचा खळगा राहील, मार्चचे पान उघडे राहील. तिला अगदी हवे होते ते, आणि ते मागण्याचे पापही तिच्या माथी येत नव्हते. बोट म्हणते आहे, क्लॅरी म्हणतो आहे, पाच पुस्तके म्हणत आहेत.

"क्लॅरी," बेरिलने हाक दिली, "त्यावर डबा येईल ना? केवढा येईल?"

"इंजिनावर? दोन फूट उंच. वर पायरी बसवीन, त्यावर पाय देऊन उतरायचं."

बेरिल उठली. हत्यारांची पेटी तिने खालच्या पायरीवर उभी करून ठेवली, तिच्यावर कोट घडी करून ठेवला, हाताने उंची पाहिली आणि वर चढून सुकाणूपाशी जाऊन बसली. सुकाणूचा दांडा हातात धरला. तिथून तिने खाली पाहिले. डावीकडे मान करून पाहिले, उजवीकडे करून पाहिले.

"कोण झोपलं असेल तर दिसत नाही," ती म्हणाली.

"कुठून?" क्लॅरी होडीतूनच म्हणाला.

"इथून. डब्याच्या आड जातं."

"तुला दिसायचं काय करायचंय? बोट चालवताना पुढं बघायचं असतं."

 बेरिलने दांडा सोडला, पुन्हा धरला. पेटीच्या वरून, दोन्ही बिछान्यांच्या उशांकडे ती बघत राहिली. दिसत असेल ते पेटीचे कडीचे झाकण आणि वडिलांचा कोट.

खाली बसलेल्या रोवेनाला आईचा चेहरा दिसत नव्हता. पण तो दिसत नाही एवढ्यानेच तिला सगळे कळले. आईला इंजिन वेगासाठी हवे नव्हते, सुरक्षिततेसाठीही हवे नव्हते. फायद्या-तोट्यांच्या वहीत जे कलम नव्हते तेवढेच तिला हवे होते: बोट चालवणाऱ्या माणसाला आत झोपलेल्याचे तोंड दिसावे. हाक मारून मोजायला लागू नये.

तिने पेटी उचलली आणि डाव्या बिछान्याच्या तोंडाशी ठेवली.

"डावीकडे," ती म्हणाली.

क्लॅरीचे डोके काठावरून वर आले. "काय म्हणालीस?"

"डावीकडे बसव."

"अगं, आत्ता सांगितलं की मध्यात—"

"ऐकलं मी."

"लाद्या हलवाव्या लागतील. बिछाना जाईल. सगळा जाईल, फळी राहायची नाही. पुस्तकात काय लिहिलंय?"

"मध्यात."

क्लॅरीने तिच्याकडे पाहिले, मग बेरिलकडे.  पन्नास वर्षे तो त्या घरात येत होता. कोणत्या वेळी वाद घालायचा नाही एवढे त्याला समजत होते. होडी बांधून तो वर आला.

रोवेनाने उशी उचलली. उचलताच खळगा गेला; उशी फुगली आणि कुठलीही उशी झाली. तिने ब्लँकेट घडी केले. वेळापत्रक मिटून कोटाच्या खिशात घातले. गादी काढली तशी खालच्या फळ्या उघड्या पडल्या, वडिलांनी इतक्या घट्ट बसवलेल्या की दोहोंमध्ये नख शिरत नव्हते. भिंतीच्या फळीवर, झोपलेल्या माणसाचा डावा हात पोचेल तिथे, काही खूण आहे का हे तिने पाहिले नाही. पाहायचे नाही असे ठरवून तिने पाहिले नाही.

"तू तिथं बस," बेरिल क्लॅरीला म्हणाली. "इंजिनाच्या जागी. पेटी घे मांडीवर. डब्याएवढी उंची झाली पाहिजे."

"मी नव्वद किलोचा आहे."

"वजन नाही मोजत. बस."

क्लॅरी बसला. टोपी काढून पेटीवर ठेवली. 

"रोवेना, तू उजवीकडं झोप."

ती उजव्या बिछान्यावर आडवी झाली. गादी गार होती. वर झाकणातून धुक्याचा पांढरा चौकोन दिसत होता आणि त्यात आईचे डोके.

"अजून वर सरक. हां. कपाळ दिसतं. आता सगळं तोंड." बेरिल थोडा वेळ बघत राहिली. "ऊठ. आता मी झोपते, तू इथं ये."

"कशाला, मम? दिसतंय ना?"

"माझ्या डोळ्यांनी दिसतंय. तुझ्या दिसतं का ते बघायचंय. चालवणार तर तू आहेस. माझ्या हातांनी किती दिवस होणार?"

त्यांनी जागा बदलल्या. पायऱ्यांवर दोघी एकमेकींना घासून गेल्या. रोवेना सुकाणूपाशी बसली. दांडा ओला होता. क्लॅरी डावीकडे पाठ टेकून, डोळे खाली घालून इंजिन झाला होता, आणि त्याच्या उजव्या हाताच्या पलीकडे, कोणताही आडोसा नसलेल्या जागेत, आई आडवी झाली होती. पाय जुळवून, हात पोटावर घेऊन. तळव्यांवरची नवी कातडी गुलाबी, चकचकीत दिसत होती.

"दिसते का?"

"दिसतेस."

"डोळे मिटलेत की उघडे आहेत, तेही कळतं?"

रोवेना पुढे वाकली नाही. वाकले तर मोजमाप चुकले असते. पाठ ताठ ठेवून, दांडा धरून, बोट चालवताना बसावे तसे बसून तिने पाहिले. धुके हलके झाले होते. आईच्या पापण्या निळसर होत्या, आणि त्या मिटलेल्या होत्या. नाकपुड्या हलताना दिसत होत्या.

"मिटलेत," ती म्हणाली.

"बरं," बेरिल म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत. "मग क्लॅरीला सांग, रेघ मार म्हणावं."